आकड्यांशी इमान राखणारा केप्लर

योहानेस केप्लर हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. ग्रहांच्या गतीचे तीन नियम पाठ करायचे, परीक्षेत लिहायचे आणि विसरून जायचं! पण मैत्रिणींनो, या माणसाचं आयुष्य वाचलं की ते नियम कायमचे लक्षात राहतात.

केप्लरचा जन्म जर्मनीतल्या वाइल देर श्टाट या छोट्या गावातला, २७ डिसेंबर १५७१ चा. वडील भाडोत्री सैनिक. ते घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. लहानपणी देवी आल्या आणि डोळे कायमचे अधू झाले. आई कॅथरिना खानावळवाल्याची मुलगी. १५७७ मध्ये मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा याच आईने सहा वर्षांच्याही आतल्या लेकाला उंचावर नेऊन तो दाखवला.

पुढे ग्राझ गावी तो गणिताचा शिक्षक झाला. पहिल्या वर्षी मोजकीच मुलं वर्गात आली, दुसऱ्या वर्षी एकही नाही! १६०० साली तो प्रागजवळ टायको ब्राहेकडे गेला. टायकोकडे वीसेक वर्षांच्या आकाश निरीक्षणांच्या नोंदी होत्या. त्यातला मंगळ केप्लरच्या वाट्याला आला.

ग्रह वर्तुळातच फिरतात, असं तेव्हा सगळेच मानत. केप्लरनेही वर्तुळ बसवून पाहिलं. जवळजवळ जुळलं. फरक पडला फक्त आठ कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चालायचंच! पण टायकोच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत, हे केप्लरला ठाऊक होतं. त्याने आपलं वर्तुळ टाकून दिलं, अंड्यासारखा आकार करून पाहिला, तोही जमला नाही. शेवटी लंबवर्तुळ बसलं. हे सगळं १६०९ च्या ग्रंथात आलं.

मी स्वतः कला शाखेची. तरी संध्याकाळच्या अभ्यासवर्गात नववी-दहावीच्या मुलींना मी केप्लरचाच आकडा देते. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर एक धरलं, तर गुरूचं ५.२. पृथ्वीला फेरीला एक वर्ष, तर गुरूला किती? मुली पटकन ५.२ वर्षं म्हणतात. हे सरळ रेषेचं घराणं. खरं उत्तर ११.८६. मग कोणी अंतराचा वर्ग करते, तर २७ येतात, फारच जास्त. म्हणजे नियम या दोघांच्या मधे कुठंतरी आहे! आता ५.२ चा घन करा आणि ११.८६ चा वर्ग करा. दोन्हीकडे साधारण १४०.६. शनीचे आकडे घेतले तरी तसंच जुळतं. मुलींचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात. केप्लरला हा नियम १६१८ मध्ये सापडला. सूत्रांची घराणी वेगवेगळी असतात आणि कुठलं लागू पडतं ते आकडेच सांगतात, हे त्यांना फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा लवकर कळतं.

घरातही त्याचं हेच. पहिली पत्नी १६११ मध्ये वारली. १६१३ मध्ये त्याने सुझानाशी लग्न केलं. त्यासाठी वाइनची पिंपं आणली, तर व्यापारी भोकातून तिरकी काठी घालायचा आणि ओल्या खुणेवरून दाम सांगायचा. पिंपाचा आकार बदलला तर तीच खूण खोटी नाही का पडणार? त्याने बसून हिशेब केला आणि १६१५ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. ऑस्ट्रियातल्या पिंपांचा घाट असा, की मापात थोडा फरक झाला तरी वाइनमध्ये फारसा फरक पडत नाही, असं निघालं. संशय घेतला, तपासलं आणि खरं ते मान्य केलं.

त्याच वर्षी मात्र मोठं संकट आलं. कॅथरिना झाडपाल्याची औषधं द्यायची. गावातल्या एका बाईने आरोप केला, की तिच्या कडू पेयाने आपण आजारी पडलो. ती चेटकीण ठरली! त्या काळी ही शिक्षा म्हणजे मरण. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीला अटक झाली, बेड्या पडल्या. केप्लर आपलं काम सोडून लिंझहून आला. त्याने बचावात एकेक आरोप घेतला आणि त्या दुखण्यांची साधी, नैसर्गिक कारणं मांडली. आकाशातल्या आठ कला ज्याने सोडल्या नाहीत, तो गावगप्पा कशा सोडणार?

छळाची हत्यारं दाखवूनही कॅथरिनाने गुन्हा कबूल केला नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर, ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये गेली. केप्लरचं निधन १५ नोव्हेंबर १६३० रोजी झालं.

मला वाटतं, मुलींना गणित शिकवायचं ते यासाठीही. घरातल्या विजेच्या बिलांचे वर्षभराचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा, आलेख काढू द्या, कुठे का वाढलं ते शोधू द्या. सगळे म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, ही सवय अशीच लागते. कॅथरिनाचा जीव शेवटी त्याच सवयीने वाचला.