तेलवाला मॅकॉय

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या!

या दिवाळीत आमच्या घरी नवी कोरी गाडी आली. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत झालं आणि तिसऱ्याच दिवशी वाद सुरू झाला. मामांचं म्हणणं, हजार किलोमीटर झाले की इंजिनचं तेल बदलायचंच. पप्पांचं म्हणणं, पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलंय, मग हजारला पैसे कशाला घालवायचे? मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं.

तसं मामांचं अगदीच चूक नाही. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून बसतात, आणि त्यातून निघालेले धातूचे बारीक कण तेलात उतरतात. माझ्या रूममेटच्या नव्या स्कूटरचं पहिलं तेल काढलं तेव्हा मी ते उन्हात धरून पाहिलं होतं. चमकी मिसळल्यासारखं दिसत होतं! दुचाकीचं पहिलं तेल म्हणूनच लवकर, बहुतेक पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलतात. पण आताच्या मोटारींचे सिलिंडर फार काटेकोर घासलेले असतात, शिवाय तेलाचा फिल्टर कण अडवतो. म्हणून बऱ्याच मोटारींची हजारची सर्व्हिसिंग म्हणजे नुसती तपासणी असते.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी वेळ मारून न्यायला म्हणाले की तेल केव्हाही बदला, पण असली घ्या, रिअल मॅकॉय! शाळेत मिसने पाठ करून घेतलेल्या इडियम्सपैकी हा एक. अस्सल माल म्हणजे रिअल मॅकॉय. धाकट्या भावाने लगेच विचारलं, ताई, हा मॅकॉय कोण? परत पंचाईत. शोधलं तर निघाला चक्क एक तेलवाला.

एलायजा मॅकॉयचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या कोलचेस्टर गावचा. आईवडील अमेरिकेच्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून ते अंडरग्राउंड रेलरोडने कॅनडात पळून आले. नाव रेल्वेचं, पण तिला ना रूळ होते ना इंजिन. पळणाऱ्या गुलामांना रातोरात एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणाऱ्या माणसांची ती गुप्त साखळी होती. कॅनडात तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं आणि तिथली गुलामगिरी १८३४ मध्येच संपलेली होती.

मुलाला यंत्रांचं वेड होतं. पंधराव्या वर्षी आईवडिलांनी त्याला समुद्रापार स्कॉटलंडला, एडिंबरोला, यंत्रविद्या शिकायला पाठवलं. मालकाच्या घरून पळालेल्या माणसांनी हे धाडस कसं केलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. मला पुण्याला पाठवताना आमच्या घरी आठ दिवस चर्चा चालली होती.

तो मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला तेव्हा घरचे मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी राहत होते. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून नोकरी द्यायला कोणी तयार नव्हतं. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्याला काम मिळालं ते फायरमन आणि ऑइलरचं. म्हणजे चालत्या गाडीत भट्टीत इंधन टाकायचं, आणि गाडी थांबली की खाली उतरून तेलाचा कॅन घेऊन इंजिनभोवती फिरायचं.

इथे मी थांबले. कारण गेल्या उन्हाळ्यात मी एका कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला गेले होते. तिथे मला एका ऑइलर काकांच्या मागे लावलं. पंधरा दिवस तेलाचा कॅन आणि ग्रीस गन! रात्री मम्मीला फोन करून रडले, की यासाठी का मी इंजिनिअरिंगला आले? ते काका बेअरिंगच्या घरावर नुसता तळहात ठेवून आत तेल कमी आहे की नाही ते सांगायचे. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. मला निदान पंधरा दिवसांनी सर्टिफिकेट घेऊन सुटता आलं. मॅकॉयला सुटका नव्हती.

पण त्या कॅनकडे त्याने इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं. अडचण साधी होती. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली वाफ असताना वरून तेल ओतता येत नाही, वाफच उलटी बाहेर येते. म्हणून थांबा, तेल घाला, पुढे चला. नाही थांबलं तर सिलिंडर कोरडा पडून झिजतो, थांबलं तर वेळ जातो. मॅकॉयने सिलिंडरवर बसणारं तेलाचं एक छोटं पात्र बनवलं. त्याची झडप वाफेच्याच दाबावर चालायची, आणि इंजिन न थांबवता तेल आपोआप आत उतरायचं. म्हणजे जी वाफ तेलाला आडवी येत होती, तिलाच त्याने तेल घालायच्या कामाला लावलं. जुलै १८७२ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं.

इंटरनेटवर काही ठिकाणी असं लिहिलेलं दिसतं की आपोआप तेल घालण्याची कल्पना मॅकॉयनेच पहिल्यांदा काढली. ते बरोबर नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटमने १८६० च्या सुमारास असं यंत्र केलेलं होतं. पण मॅकॉय पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याच एका प्रश्नाला चिकटून राहिला, पात्रात सुधारणा करत गेला. त्याच्या नावावर ५७ च्या आसपास पेटंट्स आहेत आणि बहुतेक सगळी वंगणाची. मध्येच कपड्यांच्या इस्त्रीचं घडीचं टेबल आणि हिरवळीवर पाणी शिंपडायचं यंत्रही आहे! पुढे इंजिनात जास्त तापवलेली वाफ वापरू लागले, तेव्हा नुसतं तेल पुरेना. तेलात ग्राफाइटची पूड मिसळली तर ती नळ्यांत अडकायची. त्यावरचा त्याचा उपाय पेटंट झाला १९१५ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर.

आता भांडवल कुठून आणायचं? ते नव्हतंच. त्यामुळे अनेक पेटंट्सचे हक्क त्याने दुसऱ्यांना विकले किंवा लिहून दिले. यंत्रं विकली गेली, पैसे दुसऱ्यांनी कमावले. स्वतःच्या नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये निघाली ती १९२० मध्ये. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या हॉस्टेलमध्ये नव्या मुलाचं आडनाव ऐकून कॅप राउंडची कॅटेगरी ओळखायचा खेळ चालतो, तो आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, काहींनी खेळलेलाही आहे. मॅकॉयच्या पहिल्या पेटंटनंतर पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांचं गुलामगिरी हे पुस्तक निघालं. ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आहे. आमच्या शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. मला ते तेलाच्या शोधात सापडलं.

आता त्या इडियमचं. गोष्ट अशी सांगतात की नकली तेलपात्रं बाजारात आली, तेव्हा रेल्वेवाले खरं मॅकॉयचंच आहे ना, असं विचारून घ्यायचे, आणि त्यावरून शब्द रूढ झाला. गोष्ट छान आहे, पण भाषेचे अभ्यासक मान डोलवत नाहीत. स्कॉटलंडमध्ये रिअल मॅके असा प्रयोग १८५६ मध्येच छापलेला सापडतो. तेव्हा मॅकॉय बारा वर्षांचा होता. मिसने शिकवलेला इडियम तसा राहू दे, त्यावाचून मॅकॉयचं काही अडत नाही.

मामांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना पटली. मॅकॉयच्या वेळी सिलिंडरचं तेल बदलायचा प्रश्नच नव्हता. ते आत जायचं, काम करायचं आणि वाफेबरोबर बाहेर उडून जायचं, म्हणून तर सतत नवं घालावं लागायचं. मोटारीत तेच तेल खालच्या सम्पमधून पंपाने वर चढतं, सगळीकडे फिरतं आणि परत खाली येतं. जाता-येता काजळी आणि धातूचे कण गोळा करतं. म्हणून ते काढून टाकावं लागतं.

मॅकॉयचा शेवट वाईट झाला. १९२२ मध्ये त्याला आणि त्याची बायको मेरी हिला मोटारीचा अपघात झाला. मेरी पुढच्या वर्षी गेली. त्याची तब्येत कधीच नीट झाली नाही, पैसेही उरले नव्हते. एलोइझ नावाच्या सरकारी रुग्णालयात १० ऑक्टोबर १९२९ रोजी तो वारला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने डेट्रॉइटमध्ये शाखा उघडली, तिला त्याचं नाव दिलं आहे.

कारखान्यातल्या त्या काकांचं नाव मी आता माझ्या ट्रेनिंगच्या सरांना फोन करून विचारून घेतलं. इथे छापत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

आणि हो, निवाडा मी पप्पांच्या बाजूने दिला, पुस्तिकेत लिहिलंय तसंच करायचं. गाडीचे परवा ९८० किलोमीटर झाले. मामा रविवारी येणार आहेत.