लखनौचे व्हॅन शिप्ले

आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांचा प्रवास महाराष्ट्राकडून लखनौकडे झालेला आहे. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त, कोणी सरकारी खात्यात, कोणी अध्यापनासाठी येथे आले आणि हळूहळू येथलेच झाले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अशा प्रवासांच्या आठवणी येणे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उलट दिशेचा एक प्रवास आहे. लखनौत जन्मलेला एक संगीतवेडा तरुण पुण्याला गेला, तेथून मुंबईला गेला आणि अखेरपर्यंत मुंबईचाच राहिला. त्याची गिटार देशातील असंख्य घरांत ऐकली गेली. त्याचे नाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. त्या कलावंताचे नाव व्हॅन शिप्ले.

शिप्ले यांचा जन्म 1927 साली लखनौतील एका मेथॉडिस्ट ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1926 मध्ये, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले होते. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या त्या विद्वानाने उत्तरेतील राग पद्धतशीरपणे शिकवण्याची सोय येथे करून दिली आणि पुढे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्यपदावरून ते कार्य अनेक वर्षे चालविले. मराठी माणसाने लखनौला दिलेले हे देणे सर्वविदित आहे. लखनौने महाराष्ट्राला काय दिले, याचा हिशेब मांडू लागलो तर शिप्ले यांचे नाव वगळून चालणार नाही.

त्या काळच्या लखनौत दोन संगीतसृष्टी शेजारीशेजारी नांदत होत्या. एकीकडे ठुमरी, सारंगी आणि उस्तादांच्या बैठका. दुसरीकडे चर्चमधील स्तोत्रगायन आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद. सामान्यतः एका सृष्टीतील माणूस दुसरीकडे फिरकत नसे. शिप्ले मात्र दोहोंकडून शिकले. पाश्चात्त्य संगीताचे संस्कार त्यांना लाभले होते आणि बंदे हसन खाँ व त्यांचे पुत्र झिंदा हसन खाँ यांच्याकडून त्यांनी हिंदुस्थानी संगीताचीही तालीम घेतली. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना मिळाले. खाँसाहेब स्वतः सरोदिये असले तरी व्हायोलिनही वाजवीत; तेव्हा विलायती वाद्यावर राग वाजविण्यात त्यांना काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. लखनौ आकाशवाणी केंद्र 1938 साली सुरू झाले आणि तरुण वादकांना नवे दालन उघडले. अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे चिरंजीव अली अकबर खाँ हेही काही काळ या केंद्रावर होते. याच केंद्रावर शिप्ले यांच्या व्यावसायिक जीवनाचा आरंभ झाला.

शिप्ले व्हायोलिन उत्तम वाजवीत. पण त्यांची खरी ओळख झाली ती गिटारने. येथे गिटार म्हणजे कोणती, हे सांगणे अवश्य आहे. हवाईयन पद्धतीची गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा फळीपासून उंच उचललेल्या असतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारेवरून सरकवायची, अशी तिची रीत. कांडी सरकते तसा स्वर मध्ये कोठेही न तुटता एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात ती हीच. हवाई बेटांतील वादकांनी हे वाद्य जगभर नेले. त्यांच्यापैकी टाऊ मो यांचे कुटुंब 1940 च्या दशकात कलकत्त्यात वास्तव्यास होते. पुढे तारांखाली चुंबक व तारेचे वेटोळे बसवून त्यांचे कंपन विजेने मोठे करण्याची युक्ती निघाली आणि गिटारचा क्षीण, लवकर विरणारा नाद लांबविता येऊ लागला. गळ्यातून निघणाऱ्या गाण्याला आवश्यक असते ते सारे या वाद्याला त्यामुळे मिळाले. शिप्ले हे भारतातील अगदी पहिल्या विद्युत् गिटारवादकांपैकी एक. बाजारात मिळणाऱ्या वाद्यावर समाधान न मानता त्यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे आठ तारांची गिटार बनवून घेतली.

पाश्चात्त्य जगातही गिटारला मानाचे स्थान सहज मिळाले नव्हते. अमेरिकेतील जाझ वाद्यवृंदांत ती प्रथम केवळ ताल धरण्यापुरती असे. एडी लँग या वादकाने 1920 च्या दशकात तिला स्वतंत्र बोलते केले. शिप्ले यांच्याप्रमाणे तोही आरंभी व्हायोलिन शिकलेला. गायकांच्या साथीलाही तो ध्वनिमुद्रणात वाजवीत असे आणि 1933 साली ऐन तारुण्यात तो वारला. दोन खंडांत, दोन पिढ्यांत, एकाच वाद्याच्या दोन वादकांचा मार्ग असा एकमेकांशी जुळतो.

लखनौहून शिप्ले प्रथम पुण्यास आले. कोल्हापुरात 1929 साली स्थापन झालेली आणि 1933 पासून पुण्यात स्थिरावलेली प्रभात फिल्म कंपनी हे त्या वेळी संगीतकारांचे मोठे आश्रयस्थान होते. हुस्नलाल-भगतराम या जोडीने आपला पहिला चित्रपट, 1944 चा ‘चाँद’, प्रभातसाठीच केला होता. त्याच वातावरणात शिप्ले यांचा चित्रपटसंगीताशी संबंध आला. पुढे प्रभातचे दिवस पालटले आणि इतर अनेकांप्रमाणे त्यांनीही मुंबईची वाट धरली. राज कपूर यांच्या चित्रसंस्थेत, शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदात त्यांना काम मिळाले आणि चित्रपटसृष्टीतील त्यांचे स्थान पक्के झाले.

या कामाचे स्वरूप आज कल्पनेनेच जाणावे लागते. त्या काळी गायक व सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवून गाणे ध्वनिमुद्रित होत असे. गोव्याचे ट्रम्पेटवाले, पारशी व ख्रिस्ती व्हायोलिनवाले, उत्तरेतील सतारिये व तबलजी एका दालनात दाटीने बसत. एकाचा स्वर घसरला तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. समोर ठेवलेली स्वरलिपी पाहून तत्क्षणी वाजविता आले पाहिजे आणि संगीतकाराने नुसते गुणगुणून दाखविले तरी त्यातला भाव उचलता आला पाहिजे. पहिली विद्या पाश्चात्त्य, दुसरी आपली. शिप्ले यांना लखनौने दोन्ही दिल्या होत्या. त्यांची किंमत मुंबईत कळली.

परंतु या व्यवसायात एक मोठे वैगुण्य होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे येत. वादकांची क्वचितच येत. ज्या दोन ओळींच्या मधल्या स्वरसमूहाने गाणे लोकांच्या ओठी बसले, तो कोणी वाजविला हे श्रोत्यास कधी कळत नसे. दिवसाचा मोबदला हाती पडला की वादकाचा त्या गाण्याशी असलेला संबंध संपला. शिप्ले यांचे वेगळेपण असे की, त्यांनी या अनामिकतेतून बाहेर पडण्याचा मार्ग काढला. हिज मास्टर्स व्हॉइससाठी त्यांनी गाजलेल्या चित्रगीतांच्या चाली गिटारवर स्वतंत्रपणे वाजविल्या. त्या तबकड्यांवर गायकाचे नाव नव्हते, व्हॅन शिप्ले हे नाव होते.

या कामात त्यांना पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्यासारखा जोडीदार लाभला. शिप्ले यांची गिटार आणि डॅनियल्स यांचा अ‍ॅकॉर्डियन ही जोडी अनेक तबकड्यांतून श्रोत्यांस परिचित झाली. लखनौचा एक ख्रिस्ती वादक आणि पुण्याचा एक ख्रिस्ती वादक हिंदी गाण्यांच्या चालीवर एकत्र येतात, ही गोष्ट परप्रांतात घर केलेल्या आपल्यासारख्यांना विशेष भावावी अशी आहे.

रसिकांमध्ये याविषयी एकमत नव्हते. शास्त्रीय संगीताच्या अभिमान्यांना हे वादन हलकेफुलके वाटे; जाझच्या जाणकारांना ते पुरेसे जाझ वाटत नसे; आणि उसन्या चाली वाजविण्यात निर्मिती ती कोणती, असाही आक्षेप घेतला जाई. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. मात्र त्या तबकड्या ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. शब्द काढून घेतले की चालीला लपायला जागा उरत नाही. गायकाने शब्दाच्या आधाराने जे साधले, ते वादकाला केवळ स्वराच्या लांबीने, कंपाने आणि विरामाने साधावे लागते. शिप्ले यांच्या हातून ते साधत असे, म्हणूनच शब्द ठाऊक असलेल्या श्रोत्यास ते मनातल्या मनात ऐकू येत.

1980 नंतर काळ बदलला. कॅसेटी आल्या, विद्युत् कळफलकावर एकच वादक दहा वाद्यांचे आवाज काढू लागला आणि वाद्यसंगीताच्या तबकड्यांची मागणी ओसरली. 8 मार्च 2008 रोजी मुंबईत शिप्ले यांचे निधन झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील एका ध्वनिमुद्रिका कंपनीने हिंदी चित्रगीतांच्या पोलादी गिटारवादनाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात शिप्ले यांचे वादन होते. ज्यांना मूळ गाण्यांचा एक शब्दही कळत नाही असे श्रोते आज दूरदेशी ते वादन ऐकतात.

येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला गाण्याचे कार्यक्रम करतो. पत्रिकेवर गायकांची नावे ठळक अक्षरांत असतात; पेटी, तबला, व्हायोलिनच्या साथीला बसलेल्यांची नावे पुष्कळदा छापायची राहून जातात. पुढील पन्नास वर्षांच्या पत्रिकांत तेवढी एक ओळ वाढवावी. ज्या शहराने व्हॅन शिप्ले घडविले, त्या शहरातील मंडळाला ते शोभून दिसेल.