विश्लेषण : ग्रंथालयातल्या एका पुस्तकावरून ॲनिमेशन शिकता येते का? वॉल्ट डिस्ने नेमके कसे शिकले?

मोबाइलवर ॲप डाउनलोड करायचे, बोटाने चार चित्रे काढायची आणि दहा सेकंदांचे कार्टून तयार! आज हे शाळकरी मुलांनाही जमते. शिकवणारे व्हिडीओही फुकट मिळतात. मात्र १९२० च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये एका १८ वर्षांच्या तरुणाला ॲनिमेशन शिकायचे होते, तेव्हा त्यासाठी ना कॉलेज होते, ना शिक्षक. हाताशी होते शहरातले सार्वजनिक ग्रंथालय. त्या तरुणाचे नाव वॉल्टर एलियास डिस्ने. मिकी माऊसचे जनक ही त्यांची ओळख सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीचा आणि नंतरचाही विद्यार्थी डिस्ने फारसा कोणाला माहीत नाही.

बालपण कसे गेले?

डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सेलीन या छोट्या गावी शेतावर राहायला गेले. चित्रे काढण्याची गोडी तिथेच लागली. पुढे शेती विकावी लागली आणि १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आले. वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम घेतले आणि लहानगा वॉल्ट पहाटे उठून, बर्फातूनही घरोघरी पेपर टाकू लागला. १९१७ मध्ये शिकागोला परतल्यावर शाळा सांभाळून तो संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जात असे. १९१८ मध्ये वय वाढवून सांगत तो रेड क्रॉसमध्ये दाखल झाला. मात्र फ्रान्सला पोहोचेपर्यंत पहिले महायुद्ध संपले होते. तिथे त्याने रुग्णवाहिका चालवली. औपचारिक शिक्षण असे एवढेच.

ॲनिमेशनशी गाठ कधी पडली?

१९१९ मध्ये डिस्ने कॅन्सस सिटीत एका जाहिरात चित्रशाळेत कामाला लागले. तिथे त्यांची ओळख अब आयवर्क्स या समवयस्क चित्रकाराशी झाली. काही आठवड्यांतच दोघांची नोकरी गेली. दोघांनी भागीदारीत सुरू केलेला धंदाही महिनाभरात आटोपला. नंतर दोघे चित्रपटगृहांसाठी जाहिरातपट बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथली पद्धत साधी होती. कागदाची बाहुली कापायची, हातापायांचे सांधे टाचणीने जोडायचे आणि कॅमेऱ्याखाली ती थोडी थोडी सरकवत फोटो घ्यायचे. न्यूयॉर्कहून येणारी कार्टून मात्र याहून कितीतरी सफाईदार होती. ती कशी बनतात, या प्रश्नाने डिस्ने यांना ग्रंथालयात नेले.

त्या पुस्तकात काय होते?

एडविन लुट्झ यांचे ॲनिमेटेड कार्टून कसे बनते, हे सांगणारे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात या कलेचा इतिहासही होता आणि कृतीही. फिरत्या नळकांड्यातून चित्रे हलताना दाखवणारी १९ व्या शतकातील खेळणी, कागद जागचे हलू नयेत म्हणून खुंट्यांवर बसवण्याची युक्ती, पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर, चालण्याची तीच चित्रे पुन्हा पुन्हा वापरून मेहनत वाचवण्याचे मार्ग, असे सारे त्यात समजावलेले होते.

या युक्त्या इतक्या महत्त्वाच्या का, हे हिशेबाने कळते. बोलपटात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनसाठी १० हजार ८० चौकटी. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी पाच हजारांहून अधिक चित्रे उरतात. प्रत्येक चित्रात घर, झाड, रस्ता पुन्हा काढायचा म्हटले तर काम संपणारच नाही. म्हणून पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारे पात्र पारदर्शक पत्र्यावर काढून तिच्यावर ठेवायचे.

मायब्रिज यांच्या छायाचित्रांचा काय उपयोग झाला?

डिस्ने यांच्या अभ्यासातला दुसरा मोठा आधार म्हणजे एडवर्ड मायब्रिज यांची छायाचित्रे. मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एका ओळीत कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे टप्प्याटप्प्याने फोटो घेतले आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे सिद्ध केले. पुढे त्यांनी माणसे व प्राण्यांच्या हालचालींची शेकडो पाने प्रसिद्ध केली. डिस्ने यांनी ग्रंथालयातील या छायाचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. कोणती रेघ किती सरकवायची, हे अंदाजाने ठरवण्याऐवजी आता प्रत्यक्ष पाहून ठरवता येऊ लागले.

पहिली कंपनी का बुडाली?

मालकाकडून कॅमेरा उसना घेऊन डिस्ने रात्री गॅरेजमध्ये प्रयोग करू लागले. त्यातून तयार झालेल्या छोट्या चित्रफिती स्थानिक न्यूमन थिएटरने घेतल्या. मे १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी लाफ-ओ-ग्राम फिल्म्स ही कंपनी काढली. परीकथांच्या कार्टूनसाठी एका वितरकाशी ११ हजार १०० डॉलरचा करार झाला. पण आगाऊ मिळाले फक्त १०० डॉलर. तो वितरकच बुडाला. पगार थकले, माणसे निघून गेली. डिस्ने कार्यालयातच झोपत आणि आठवड्यातून एकदा रेल्वे स्थानकावर पैसे भरून अंघोळ करत. स्थानिक दंतवैद्यासाठी दातांच्या निगेवर एक लघुपट करून त्यांनी काही दिवस ढकलले. १९२३ च्या उन्हाळ्यात सुमारे ४० डॉलर खिशात घेऊन त्यांनी हॉलीवूडची गाडी पकडली. त्यानंतर कंपनी दिवाळखोरीत निघाली.

सोबत एक अर्धवट प्रयोगही होता. खरी मुलगी कार्टूनच्या जगात शिरते, असा तो लघुपट. तो पाहून न्यूयॉर्कच्या वितरक मार्गारेट विंकलर यांनी १६ ऑक्टोबर १९२३ रोजी मालिकेचा करार केला. क्षयावर उपचार घेणारे थोरले बंधू रॉय रुग्णालय सोडून मदतीला आले आणि डिस्ने बंधूंचा स्टुडिओ उभा राहिला.

मिकी माऊस प्रत्यक्षात कोणी काढला?

१९२८ मध्ये डिस्ने यांचा ओस्वाल्ड हा लोकप्रिय ससा त्यांच्या हातून गेला. त्याचे हक्क कागदोपत्री युनिव्हर्सल कंपनीकडे होते आणि वितरकाने डिस्ने यांचे बहुतेक चित्रकारही फोडले. आयवर्क्स मात्र सोबत राहिले. मिकीला रूप दिले ते आयवर्क्स यांनी. पहिल्या मिकीपटाचे ॲनिमेशनही जवळपास एकहाती त्यांचेच. डिस्ने यांनी त्याला स्वभाव दिला आणि आवाजही. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकलेल्या ‘स्टीमबोट विली’त चित्र आणि ध्वनी यांचा मेळ नेमका साधला होता. आपल्यापेक्षा सरस चित्र काढणारी माणसे आहेत, हे डिस्ने यांनी ओळखले होते. विशीतच त्यांनी स्वतः ॲनिमेशन करणे थांबवले.

स्टुडिओतच शाळा कशासाठी?

यश मिळाल्यावरही शिकणे थांबले नाही. चित्रकारांना रात्रीच्या कलावर्गाला पोहोचवण्यासाठी डिस्ने स्वतः गाडी चालवत. १९३२ मध्ये आर्ट बॅबिट या ॲनिमेटरने घरी मॉडेल बसवून सहकाऱ्यांसाठी रेखाटनाचा वर्ग सुरू केला. डिस्ने यांनी तो स्टुडिओत आणला आणि नोव्हेंबर १९३२ पासून डोनाल्ड ग्रॅहम हे शिक्षक तिथे शिकवू लागले. डिसेंबर १९३५ मध्ये डिस्ने यांनी ग्रॅहम यांना लांबलचक पत्र लिहून चांगल्या ॲनिमेटरला काय काय यायला हवे, याची मांडणीच केली. विनोदाची जाण, शरीराच्या वजनाचे भान, हालचालीमागचा विचार, हे सारे शिकवता येते, अशी त्यांची धारणा होती. ‘बॅम्बी’साठी तर अभ्यासाला खरी हरणाची पाडसे स्टुडिओत आणली गेली. २१ डिसेंबर १९३७ रोजी प्रदर्शित झालेला ‘स्नो व्हाइट’ हे या शाळेचे मोठे फळ.

मग १९४१ चा संप का झाला?

शाळा उत्तम असली तरी व्यवहार सर्वांसाठी सारखा नव्हता. पगारांत मोठी तफावत होती, श्रेयनामावलीत अनेकांची नावे नसत आणि दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाल्याने कपातीची भीती होती. कामगार संघटनेच्या बाजूने उभे राहिलेल्या बॅबिट यांना काढून टाकल्यावर २९ मे १९४१ रोजी संप सुरू झाला. ज्यांच्या घरातून स्टुडिओतील शाळेची सुरुवात झाली, तेच आता फाटकाबाहेर होते. अखेर संघटनेला मान्यता द्यावी लागली. पण डिस्ने यांनी हा संप वैयक्तिक विश्वासघात मानला आणि स्टुडिओतला जुना मोकळेपणा परतला नाही. शिकण्याची संधी दिली म्हणून न्याय्य मोबदल्याचा प्रश्न मिटत नाही, हा या पर्वाचा धडा.

इतिहासाकडे डिस्ने पुन्हा कधी वळले?

नोव्हेंबर १९५५ मध्ये डिस्ने यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा एक भाग ॲनिमेशनच्या इतिहासाला दिला. फ्रान्सचे एमिल रेनो आणि ‘गर्टी द डायनोसॉर’चे निर्माते विन्सर मॅके यांचे काम त्यांनी घराघरांत दाखवले. तरुणपणी पुस्तकातून घेतलेला वारसा त्यांनी अशा रीतीने जाहीरपणे मान्य केला. १९६१ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून कॅलआर्ट्स ही कलासंस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईशी काय नाते?

डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातील तरुणांना ॲनिमेशनचे धडे दिले. त्या तरुणांत राम मोहन होते, जे पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. अर्थात, त्याच्या कितीतरी आधी दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या एकेक चौकट सरकवून छोटा पट केला होता. चित्रपटकलेचे पहिले धडे त्यांनीही पुस्तकांतूनच गिरवले होते. नव्याने शिकणाऱ्यासाठी वाट आजही तीच आहे: आधीच्यांनी काय केले ते पाहायचे, ते स्वतः करून बघायचे आणि चुकले की चौकट पुन्हा काढायची.