बी नसलेल्या नेच्याचे कोडे सोडवणारे हॉफमाइस्टर

नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके तुम्ही पाहिले असतील. त्यांत बी नसते, धुळीसारखे बीजाणू असतात. मग नेचा पसरतो कसा?

हे कोडे सोडवणारे विल्हेल्म हॉफमाइस्टर १८२४ साली जर्मनीतील लाइपझिग येथे जन्मले. ते विद्यापीठात शिकले नाहीत. वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या धंद्यात काम करायचे आणि त्याआधी पहाटे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे. लांबचे त्यांना फारच कमी दिसे. बीजाणूतून आधी नखापेक्षा लहान हिरवी चकती उगवते, तिच्यावरच्या नर-मादी पेशींचा पाण्यातून संयोग होतो आणि मग नेचा वाढतो. यातले तुकडे इतरांनीही पाहिले होते. १८५१ मध्ये शेवाळापासून सूचिपर्णी झाडांपर्यंत सलग साखळी जोडली ती यांनी. (आमच्या कॉलेजात ती एका आकृतीत उरकली!) १८६३ मध्ये ते हायडेलबर्गला प्राध्यापक झाले, १८७७ मध्ये वारले.

ब्रॅकन नेचा खाल्ल्याने सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरात गुरांच्या लघवीतून रक्त जाते. तो कापला तरी जमिनीखालच्या खोडातून पुन्हा फुटतो. बीजाणूंतून नवी जागा धरायला मात्र त्याला ओल लागतेच.