शिकवणीवाले कापरेकर मास्तर

गणित म्हटले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या अंगावर काटा येतो. त्या विषयाच्या तावडीतून सुटलो म्हणून तर इकडे आलो, असे आमच्यातले बरेच जण उघडपणे सांगतात. तरीही या अंकात एका गणितज्ञाविषयी लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. कारण असे की, बावड्यात घरच्या ओसरीवर मी सातवी-आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. ऊस, दूध आणि नोकरी यांच्या हिशेबात शिकवणीला फारशी किंमत नाही. ज्याला दुसरे काही जमले नाही त्याचा तो उद्योग, असा समज आमच्याकडे सर्रास आहे. तो ऐकला की मला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात.

त्यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि तिची गोडी मुलाला लागली ती या घरातच. शाळा ठाण्याला झाली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. 1929 साली पदवी घेऊन त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरची नोकरी धरली आणि 1962 साली निवृत्त होईपर्यंत मास्तरकीच केली. पदवीच्या पुढचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही.

या शाळामास्तरने जगाला काय दिले? कोणतीही चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करा आणि वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. त्यांचे जन्मवर्षच घेऊ. 9510 मधून 0159 गेले, राहिले 9351. मग क्रमाने 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि शेवटी 6174. आता कितीही वेळा करा, 7641 उणे 1467 म्हणजे पुन्हा 6174! कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच मुक्कामाला येते. 1905 ला पुरत्या सातही लागतात. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. आज तो कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो.

त्यांचे सगळे गणित असेच. 45 चा वर्ग 2025. त्याचे दोन तुकडे केले, 20 आणि 25, की बेरीज पुन्हा 45. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. या घराण्यातील संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. हे नाव कुणा ग्रीक पंडिताचे नव्हे, ते आपल्या डोंबिवली स्टेशनचे! कल्पना तिथे सुचली म्हणून नाव तेच. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटले. चौथीच्या मुलाला करता येईल अशा या क्रिया. नेमके हेच विद्वानांना खटकले असावे. हे कसले गणित, हा तर पोरखेळ, असे म्हणून पुष्कळांनी हसण्यावारी नेले. मास्तर मात्र छोट्या पुस्तिका स्वतः छापून काढीत राहिले.

1966 साली पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी, तरी निवृत्तिवेतनात भागेना. तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. चरित्रकार ही गोष्ट हळहळून सांगतात. हळहळ वाटायलाच हवी. पण ती त्यांच्या दारिद्र्याची. शिकवणीची कशाला? मुलांसमोर बसून वजाबाकी समजावणे हे त्यांना आपल्या संशोधनापेक्षा खालचे वाटत असेल, असे मला तरी वाटत नाही. संशोधन तरी वेगळ्या कशाचे होते?

पुढे 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. इकडच्यांनाही मग त्यांची थोरवी दिसू लागली. आपल्याकडे असे नेहमीच होते. असो. 1986 साली ते गेले.

आमच्या ओसरीवर 6174 फार चालतो. वजाबाकीचा कंटाळा करणारी पोरे पाटीच्या पाटी भरून वजाबाक्या करतात, आणि हातचा चुकला की मुक्काम येत नाही म्हणून आपली चूक आपणच शोधतात. तीन अंकांचा मुक्काम 495, तोही त्यांनी गाठला. मग सातवीतल्या एकीने दोन अंकांवर प्रयोग सुरू केला. 81, 63, 27, 45, 9 आणि पुन्हा 81. मुक्कामच नाही, नुसत्या फेऱ्या. असे का, म्हणून तिने मला विचारले. मी तिला पाच अंकांचेही करून बघायला सांगितले आहे.