न्यायमूर्ती रानडे : ऋणकोंचे कैवारी

आमच्या बजाजनगरात वाळूजच्या कारखान्यांत राबणारी कुटुंबे बहुसंख्य आहेत. पगारास आठ दिवस अवकाश असता मोबाइलवरून झटपट कर्ज घेणारे तरुण पाहिले, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राचे स्मरण होते.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८७१ साली ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. पुढे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या रयतेने सावकारांची खते हिसकावून जाळली. निरक्षर कुळाने अंगठा उठवावा, सावकाराने आकडा फुगवावा आणि न्यायालयाने खत प्रमाण मानून जप्ती द्यावी, असा तो काळ होता.

या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने खतावर न विसंबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा, व्याज वाजवी लावावे, कर्जापायी कुळास तुरुंगात धाडू नये, धनकोने पावती द्यावी, असे त्यात ठरले. या कायद्याच्या अंमलबजावणीत माधवरावांनी अनेक वर्षे वेचली. १८८७ साली ते तेथील विशेष न्यायाधीश झाले. खालच्या न्यायालयांचे निवाडे तपासणे हे त्यांचे काम होते.

तथापि केवळ निर्बंधाने गरज भागत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. सावकारास आळा घातला तर रयतेने बियाण्यास पैसा आणावा कोठून? यासाठी माफक व्याजाच्या शेतकी पेढीचा त्यांनी व वेडरबर्नसाहेबांनी पुरस्कार केला. विलायत सरकारने ती योजना नाकारली. १८९३ साली माधवराव उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला.

आज महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने सावकारास परवाना आवश्यक आहे. मोबाइलवरील कर्जाचा सर्व खर्च धरून वार्षिक दर आधी कळविण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातले. परंतु हिशेब मागणाराच नसेल तर कायदा काय करील? माधवराव खताच्या मागचा व्यवहार पाहत. आपल्या मुलामुलींनीही संमतीचे बोट टेकविण्यापूर्वी तो पाहावा आणि अडचण घरातील वडीलधाऱ्यांपासून लपवू नये. वडीलधाऱ्यांनीही रागे न भरता ती ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.