पायांवर भिस्त ठेवणारा माणूस : एडवर्ड पेसन वेस्टन

अमेरिकेत 1860 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत एका तरुणाने मित्राशी पैज लावली. अब्राहम लिंकन निवडून आले, तर आपण बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत 10 दिवसांत चालत जाऊ आणि त्यांच्या शपथविधीला हजर राहू, असे त्याने कबूल केले. पणाला लागले होते ते केवळ शेंगदाणे. लिंकन विजयी झाले आणि पैज हरलेल्या एडवर्ड पेसन वेस्टन यांना शब्द पाळणे भाग पडले.

वेस्टन यांचा जन्म 15 मार्च 1839 रोजी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे झाला. लहानपणी ते अशक्त होते. पुढे किरकोळ वस्तूंची विक्री, निरोप्याची कामे अशा नाना उद्योगांत त्यांचे तारुण्य गेले. ते कोणत्याही आखाड्यात घडलेले मल्ल नव्हते. 22 फेब्रुवारी 1861 रोजी त्यांनी बॉस्टन सोडले तेव्हा थंडी कडाक्याची होती. बर्फ, पाऊस आणि चिखल तुडवीत, चालता चालताच खात आणि जेमतेम झोप घेत त्यांनी 478 मैल, म्हणजे सुमारे 770 किलोमीटर अंतर कापले. वाटेत एका शिवणयंत्र कंपनीची जाहिरातपत्रके वाटून त्यांनी खर्चाचीही सोय केली. 4 मार्च रोजी ते वॉशिंग्टनला पोहोचले, परंतु काही तासांच्या उशिरामुळे शपथविधी हुकला. रात्रीच्या समारंभाला मात्र ते उपस्थित राहिले.

या अपयशानेच त्यांना आयुष्याची दिशा दिली. 1867 मध्ये मेन राज्यातील पोर्टलंडपासून शिकागोपर्यंतचे 1,200 मैलांहून अधिक अंतर त्यांनी रविवार वगळून 26 दिवसांत पार केले. एका दिवसात 100 मैल चालण्याचा प्रयत्न या प्रवासात फसला, तरी त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. रविवारी चालायचे नाही, हा त्यांचा नेम होता. त्या काळी रविवारी सार्वजनिक करमणूक होत नसे. त्यामुळे सलग सहा दिवस, बंदिस्त सभागृहातील वर्तुळाकार मार्गावर चालण्याच्या शर्यती रूढ झाल्या. डिसेंबर 1874 मध्ये न्यूअर्क येथे सहा दिवसांत 500 मैल चालणारे ते पहिले ठरले.

पराभवही त्यांच्या वाट्याला पुष्कळ आले. 1875 मध्ये शिकागोत डॅन ओलिअरी यांनी त्यांना मागे टाकले. 1876 मध्ये लंडनमधील शर्यतीत ते कोकाची पाने चघळत असल्याचे उघडकीस आले. ते त्यांनी मान्य केले. पण त्या पानांनी जोम येण्याऐवजी झोपच येते, असे त्यांचे म्हणणे होते. 1879 च्या आरंभी इंग्लंडच्या रस्त्यांवरून 1,000 तासांत 2,000 मैल चालण्याचा संकल्प अवघ्या काही मैलांनी हुकला. त्याच वर्षी जूनमध्ये मात्र सहा दिवसांत 550 मैल कापून त्यांनी सर जॉन ॲस्टली यांनी ठेवलेला प्रतिष्ठेचा पट्टा जिंकला. पुढे 1884 मध्ये मद्यपानविरोधी प्रचारासाठी त्यांनी रोज 50 मैल या गतीने 100 दिवसांत 5,000 मैलांची चाल पूर्ण केली.

वेस्टन यांचे खरे बळ वेगात नव्हते, सातत्यात होते. पाऊल फार उंच न उचलता, अंग सैल सोडून ते चालत. विश्रांती थोडी पण वेळेवर घेत. आदल्या दिवशी राहिलेले अंतर दुसऱ्या दिवशी भरून काढण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. खेळाडूचे शरीर नसलेल्या माणसाला हीच शिदोरी पुरते, हे त्यांनी वयाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. 1907 मध्ये, 68 व्या वर्षी, पोर्टलंड ते शिकागो ही वाट त्यांनी पुन्हा चालून तारुण्यातील स्वतःचाच विक्रम एका दिवसाहून अधिक अंतराने मोडला.

1909 मध्ये आपल्या 70 व्या वाढदिवशी ते न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. 100 दिवसांचे लक्ष्य होते, लागले 105. सोबतीची मोटारगाडी बर्फात आणि चिखलात वारंवार मागे पडली, म्हातारा मात्र पुढे जात राहिला. तरीही हा प्रवास त्यांना अपयशच वाटला. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून न्यूयॉर्कपर्यंतची उलट वाट धरली आणि 90 दिवसांची मुदत असताना, रविवार वगळता, 80 दिवसांच्या आत ती संपविली.

मोटारींमुळे माणसे आळशी होत आहेत, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. चालण्याने कीर्ती दिली, पण संपत्ती टिकली नाही. वृद्धापकाळी त्यांची विपन्नावस्था पाहून नाटककार ॲन निकोल्स यांनी त्यांच्या निर्वाहासाठी निधी उभा केला. त्याच वर्षी, 1927 मध्ये, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि हजारो मैल तुडविणारे ते पाय कायमचे थांबले. मे 1929 मध्ये, वयाच्या 90 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या यंत्राविरुद्ध त्यांनी लोकांना सावध केले होते, त्यानेच त्यांचे चालणे हिरावून घेतले. मात्र सामान्य शरीरही सरावाने किती दूर जाऊ शकते, याचा त्यांनी दिलेला दाखला अबाधित राहिला.